यादी मिळणार नाही

काल संध्याकाळी तू आग्र्याच्या पेठ्याचा डबा घेऊन आलास. सूनबाई बरोबर होती, लेक बरोबर होती, म्हणून मी तोंड आवरलं. बायकोपोरीसमोर माणसाचा पाणउतारा करू नये एवढं मला कळतं. पण तुम्ही गेलात आणि मला रात्रभर डोळा लागला नाही. तेव्हा आता वाच. हे फोनवर पाठवलं असतं तर चालता चालता अंगठ्याने सरकवून मोकळा झाला असतास, म्हणून कागदावर लिहिलंय. खाली बसून वाच.

"बाई, काय ती गर्दी! दोन तास रांगेत उभे होतो. ताज बघितला असं म्हणायचं, झालं," असं म्हणून तू फोन माझ्यासमोर धरलास. चौतीस फोटो दाखवलेस. मी चष्मा लावून एकेक नीट पाहिला. चौतिसांत एकाही ठिकाणी ताजची एक कमान धड पूर्ण आलेली नाही. मागे परक्या माणसांची डोकी, पुढे तुझा चेहरा. तुझी लेक दोन फोटोंत आहे आणि दोन्हींत ती दुसरीकडेच काहीतरी बघते आहे. काय बघत होती, विचारलंस तिला?

मग मी एकच प्रश्न विचारला, आठवतोय? मुमताज वारली कुठे? तू सूनबाईकडे बघितलंस. ती म्हणाली, आग्र्यालाच ना? आणि तू मान डोलावलीस. सूनबाईला मी काही बोलणार नाही. ती सांगलीकडची, तिने हे गाव लग्नानंतर पाहिलं. पण तू बहादरपुरात जन्मलास. सायकल मारत बुऱ्हाणपूरला शाळेत आलास. दुसऱ्या बाकावर, खिडकीशी बसायचास. १७ जून १६३१ ही तारीख मी तुमच्याकडून म्हणून घेतली होती. चौदावं बाळंतपण. मुलगी जगली, गौहर आरा तिचं नाव. आई गेली, ती इथे, आपल्या तापीच्या काठावरच्या शाही किल्ल्यात. शहाजहान खानजहान लोदीचं बंड मोडायला दख्खनेत उतरला होता आणि त्याचा मुक्काम बुऱ्हाणपूरला होता. मुमताजचा देह नदीपलीकडे जैनाबादला, आहुखान्याच्या बागेत सहा महिने ठेवला होता. डिसेंबरात तो आग्र्याला नेला.

म्हणजे जिच्यासाठी तू सुट्टी टाकलीस, रेल्वेची तिकिटं काढलीस, दोन तास उन्हात उभा राहिलास, ती आपल्या गावाशेजारून तिकडे गेली आहे. आणि तू मान डोलावून सांगतोस, आग्र्यालाच. 'काखेत कळसा, गावाला वळसा' ही म्हण मी तुझ्याकडून दहा वेळा लिहून घेतली होती. अक्षर चांगलं होतं तुझं. त्यापलीकडे काही झालेलं दिसत नाही.

विसरणं मी समजू शकते. वीस वर्षांत माणूस तारखा विसरतो. माझा राग त्यानंतरच्या वाक्यावर आहे. कप खाली ठेवता ठेवता तू म्हणालास, "आपल्याकडे तसं बघण्यासारखं काही नाहीच. पण तुम्ही इतिहासाच्या. एखादी शांत, ऑफबीट जागा असेल, जिथे कुणी जात नाही अशी, तर सांगा ना. चारपाच नावांची यादीच द्या, उद्या एका दिवसात उरकतो."

उरकतो! देवळातली आरतीसुद्धा कुणी उरकली तर आपण नाक मुरडतो.

यादी मिळणार नाही. का मिळणार नाही ते सांगते.

हरिहरगड आठव. नाशिकजवळचा. पंधरावीस वर्षांमागे तिथे डोंगरभटके सोडले तर कुणी फिरकत नव्हतं. कातळात कोरलेला तो उभा जिना, खोबण्यांत बोटं रोवून चढायचा. कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला. मग प्रत्येकाच्या यादीत हरिहर आला. पावसाळ्यातल्या एका रविवारचं चित्र तू पाहिलं असशील, सगळ्यांनी पाहिलं: जिन्यावर माणसाला माणूस चिकटलेला, वर जायला वाट नाही, खाली यायला वाट नाही. साताऱ्याचं कास घे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते पठार जागतिक वारशात गेलं. फुलं बोटभर उंचीची, कातळावरच्या मूठभर मातीत उगवणारी. त्यांच्यात लोक फोटोसाठी बसले, लोळले. शेवटी आगाऊ नोंदणी, तिकीट, पहारेकरी असं सगळं आलं. परदेशातली मोठी शहरंही यातून सुटलेली नाहीत. व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या दिवसांत दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांना पाच युरो लावले. तुझ्यासारखेच लोक होते ते, वाईट नव्हते. प्रत्येकाला शांत जागा हवी होती आणि प्रत्येकाच्या खिशात तीच यादी होती.

यादी घेऊन निघालेला माणूस काही बघत नाही, तो खुणा करतो. चार नावांवर चार खुणा, चार फोटो, घरी परत. शांत जागाही तो त्याच घाईने संपवतो ज्या घाईने ताज संपवला. म्हणून तू रिकाम्या जागी जाऊनही रिकामाच परत येशील, ही माझी खरी काळजी आहे.

आता दुसरं. 'छावा' सिनेमा तू पहिल्याच आठवड्यात पाहिलास. २०२५ च्या फेब्रुवारीत. थिएटरात डोळे भरून आले असं मला सांगितलंस आणि मला बरं वाटलं. पुढच्याच महिन्यात तोच सिनेमा बघून आपल्या असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री टॉर्च आणि धातू शोधायची यंत्रं घेऊन उतरले. मुघलांचं सोनं पुरलंय म्हणे. वर्तमानपत्रांत आलं, टीव्हीवर आलं. तेव्हा तू पुण्याहून फोन केलास. काय विचारलंस? "बाई, खरंच निघतंय का हो काही?"

मी फोन ठेवून दिला होता, आठवतं? का ठेवला ते आज सांगते. संभाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला पंधरवडा होत होता आणि १६८१ च्या जानेवारीअखेरीस हंबीरराव मोहित्यांचं घोडदळ बुऱ्हाणपूरवर आलं. तट फोडून आत नाही शिरलं. तटाबाहेरचे पुरे लुटले. सावकारांच्या पेढ्या तिथे, जवाहीर तिथे, सुरतेहून उत्तरेला जाणारा माल तिथे. त्या पुऱ्यांत सगळ्यांत श्रीमंत होता बहादुरपुरा. पडद्यावर ते बघून तू रडलास, आणि तुझ्या आधारकार्डावर जे गावाचं नाव आहे त्याच्याशी ते नाव ताडून बघावं असं तुला एकदाही वाटलं नाही. शेवटचा फारुकी सुलतान बहादूरखान, त्याच्या नावाचं हे गाव. तो पुरा कुठून कुठवर पसरला होता? शहराचा तट कुठे संपत होता? घोडी तापी कुठल्या उताराने ओलांडून आली असतील? जानेवारीत पाणी किती असतं, हे तर तुला पोहून माहीत आहे. असे प्रश्न घेऊन तू तुझ्याच गावच्या पांदीतून एक संध्याकाळ चालला असतास, केळीच्या बागांच्या कडेने, तर तिथे तुझ्याशिवाय कुणी नसतं. तिथे रांग नसते. सोन्याचा प्रश्न मात्र तुला सुचला.

पुरंदरचा तह तुला अजून पाठ आहे, काल म्हणून दाखवलास लेकीला. जून १६६५, तेवीस किल्ले दिले, बारा राखले. शाबास. आता सांग, तो तह करून घेणारा मिर्झाराजे जयसिंह पुढे कुठे गेला? तहानंतर त्याने विजापूरवर स्वारी केली, ती फसली. शिवाजी महाराजांना आग्र्याला जायला त्याने राजी केलं होतं, आणि तिथून ते निसटले. जयसिंहाचा मुलगा रामसिंह त्यात बादशहाच्या मनातून उतरला. औरंगजेबाने जयसिंहाला दख्खनेतून परत बोलावलं. तो निघाला, बुऱ्हाणपूरपर्यंत आला आणि १६६७ साली इथेच मेला. घरी पोचला नाही.

त्याची छत्री आहे. शहराबाहेर, तापी आणि मोहना जिथे भेटतात तिथे. तू आग्र्याच्या किल्ल्यात दिवाण-ए-खासपाशी फोटो काढलास, काल दाखवलास. महाराजांना जिथे मानहानी सोसावी लागली तो दरबार. तिथे ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवून ते गेले, तो माणूस इथे नदीकाठी संपलाय. एक टोक बघायला तू एवढ्या लांब गेलास आणि दुसरं टोक घरापासून सायकलच्या अंतरावर आहे.

मी गेल्या कार्तिकात गेले होते. सकाळी. घुमटाखाली तीन शेळ्या बसल्या होत्या, मला बघून एक उठली, दोन उठल्या नाहीत. खांबांच्या सावल्या फरशीवर लांब पडल्या होत्या. खाली दोन नद्यांची पाणी वेगळ्या रंगाची, मिसळताना मधे एक रेघ दिसते, हाताने पुसावी अशी. मी दीड तास बसले. त्या दीड तासात एक बाई पलीकडून धुण्याचं गाठोडं घेऊन आली आणि गेली. बाकी कुणी नाही. एवढा मोठा सेनापती, शिवाजी महाराजांना तह मान्य करायला लावणारा, आणि त्याच्याजवळ शेळ्या. माझ्या मनात त्या दीड तासात काय काय आलं ते मी इथे लिहिणार नाही. ते तुला तुझं यायला हवं. पण त्यासाठी तुझ्याजवळ तो तह, ती फसलेली स्वारी, तो मुलगा, सगळं आधी असायला हवं. नुसतं 'छत्री, प्रवेश विनामूल्य' एवढं घेऊन गेलास तर तुला शेळ्याच दिसतील आणि पाच मिनिटांत तू म्हणशील, चला.

इथे माझाही दोष आहे आणि तो मी कबूल करते. इतकी वर्षं मी पुरंदरचा तह फळ्यावर लिहिला. छत्रीपर्यंत वर्ग नेला तो फक्त दोनदा. अभ्यासक्रम, परीक्षा, बसचे पैसे, पालकांच्या सह्या या सगळ्याच्या आड मी लपले. तुमच्या वर्गाला नेलंच नाही. हे मला लागून राहिलं आहे. पण तू आता चाळिशीला आलास. बाईंनी नेलं नाही ही सबब चाळिशीत चालत नाही.

शांततेबद्दलही तुझा मोठा गैरसमज आहे. माणसं नाहीत म्हणजे शांत, असं तू धरून चाललास. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत जा. भर बाजारात आहे. बाहेर रिक्षा, हातगाड्या, मावा जिलेबीच्या कढया, मागच्या गल्ल्यांतून मागांची खटखट. राजे अली खान, म्हणजे आदिलशाह फारुकी, त्याने ती बांधली, १५९० च्या सुमाराला पुरी झाली. आत भिंतीवर अरबी लेख आहे. तसा असणारच. पण त्याच मशिदीत संस्कृतातही लेख कोरलेला आहे, संवत, शक, तिथी, सगळं देऊन. एका सुलतानाने आपल्या मशिदीत आपल्या रयतेच्या पंचांगाप्रमाणे काळ नोंदवून ठेवला. परवानगी घेऊन, पाय धुऊन, त्या लेखासमोर उभा राहा. देवनागरीची जुनी वळणं एकेक करून लागायला लागतात. पहिला शब्द लागायला मला दहा मिनिटं लागली होती. त्या दहा मिनिटांत बाहेरच्या बाजाराचा एक आवाज माझ्या कानात आला नाही. गर्दीच्या पोटात बसलेली शांत जागा आहे ती. तिला बाहेरून कुलूप नाही आणि तिचं नाव कुणी लपवून ठेवलेलं नाही.

कुंडी भंडारा तू पाहिलास असं म्हणालास. पाहिलास म्हणजे लिफ्टने खाली उतरलास, पाण्यात पाय बुडवून व्हिडिओ काढलास, वर आलास. तिथे आवाज कसला येत होता? तुला सांगता आलं नाही, कारण तुम्ही आत गाणं लावलं होतंत! ऐंशी फूट जमिनीखाली, चारशे वर्षांपूर्वीच्या बोगद्यात, फोनवर गाणं. १६१५ साली, जहांगीरच्या राज्यात, अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ते काम उभं केलं. सातपुड्यात पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि तापीकडे सरकतो. त्या सरकत्या पाण्याला जमिनीखालीच आडवं गाठायचं, बोगद्याला अगदी हलका उतार द्यायचा आणि नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणायचं. बैल नाही, मोट नाही, रहाट नाही. हवेसाठी आणि सफाईसाठी वरून ओळीने कुंड्या. जमिनीवर उभं राहिलं तर त्या कुंड्यांची रांग डोंगराकडे जाताना दिसते. पाणी कुठून आलं ते ती रांग बोटाने दाखवते. २०२४ मध्ये हे ठिकाण जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं, म्हणजे उद्या इथेही रांगा लागणार आहेत. तोवर एखाद्या आडदिवशी खाली जा, गाणं बंद ठेव, भिंतीवरच्या चुनखडीच्या थरांना हात न लावता उभा राहा. पाण्याचा आवाज किती बारीक असतो ते कळेल.

आता मी तुला एकच जागा सांगते. यादी नाही, एक. आणि तिच्याआधी तिची गोष्ट, कारण गोष्टीशिवाय मी तुला तिथे पाठवणार नाही.

मुमताजचा देह आग्र्याला निघाला तेव्हा सोबत तिचा मुलगा शाह शुजा होता. पंधरा वर्षांचा. आपल्याकडे दहावीतलं पोर. वाट कशी होती माहीत आहे? १६३० ते १६३२ या काळात गुजरात-दख्खनेत भयंकर दुष्काळ होता. पीटर मंडी नावाचा इंग्रज १६३० च्या अखेरीला सुरतेहून आग्र्याला जाताना याच भागातून गेला आणि रस्त्याकडेला पडलेल्या प्रेतांबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. अशा मुलखातून ते पोर आईला घेऊन गेलं. १६३३ साली त्याचं लग्न झालं. बिल्किस बानू बेगम. १६३४ साली तीही बाळंतपणात गेली. आईसारखीच. तिला कुणी आग्र्याला नेलं नाही. ती बुऱ्हाणपुरातच आहे.

तिच्या कबरीची इमारत लहान आहे. खरबुजाच्या फाकांसारखे बाहेर आलेले भाग, म्हणून लोक खरबूजा गुंबज म्हणतात. उंच चौथऱ्यावर आहे. आत वाकून जावं लागतं, आणि डोळे अंधाराला सरावले की मग भिंतीवरचे रंग वर येतात. फुलं, वेली, पात्या. आपल्या आईच्या हातच्या गोधडीवरची वेलबुट्टी असते ना, तशी जवळची वाटते. भव्य काही नाही. एका खोलीत मावेल एवढं दुःख. सासू आणि सून, दोघी एकाच कारणाने गेल्या. एकीसाठी जगभरातून माणसं येतात. दुसरीच्या दारात मी तासभर उभी होते तर पाखरांशिवाय कुणी आलं नाही.

तू ताजसमोर उभा होतास तेव्हा यातलं काही तुझ्याजवळ असतं, तर त्या गर्दीतही तुला ताज दिसला असता. गर्दीने तुझा ताज हिरावला नाही. तू जाताना काही घेऊनच गेला नव्हतास. गोनीदा, म्हणजे गो. नी. दांडेकर, राजगडावर कितीदा गेले असतील? एकच गड, पुन्हा पुन्हा. त्यांना नव्या जागा सापडत नव्हत्या म्हणून नव्हे. प्रत्येक वेळी मागच्या वेळचं उरलेलं बघायला जायचे. तू शाही किल्ल्यात एकदा सहलीला आलास, हमामच्या छतावरचे रंग मान वर करून पाहिलेस की नाही तेही तुला आठवत नाही, आणि म्हणतोस, किल्ला झाला बघून.

आता शेवटची गोष्ट. काल हीच जिभेवर आली होती आणि मी गिळली.

आठवीत तुमची सहल आहुखान्यात नेली होती. डिसेंबर होता. नदी ओलांडून जैनाबादला. मी वाटेत सांगितलं होतं की अलीकडचं शहर बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाचं, पलीकडचं गाव जैनुद्दीन यांच्या नावाचं, एक गुरू आणि एक शिष्य, दोघेही खुलदाबादला विसावलेत, आणि इथे मधे तापी वाहते. तुम्ही डबे उघडलेत. एक्केचाळीस पोरं मोजली तर चाळीस भरली. मी मागे गेले. तू भिंतीशी होतास, पाठमोरा. कंपासपेटी उघडी, हातात कर्कटक. खर्र खर्र आवाज येत होता आणि चुन्याची भुकटी तुझ्या बुटांवर पडत होती. नाव पुरं झालं होतं, आडनावही. शिरोरेषा पट्टी लावून ओढली होतीस. इतकी सरळ रेघ तू भूमितीच्या वहीत कधी ओढली नव्हतीस.

मी ओरडले. तू रडलास. मी तुला पुढच्या रांगेत बसवलं आणि शाळेत कुणाला सांगितलं नाही, कारण तू रडलास म्हणजे तुला कळलं असं मी समजले. तेव्हा मी चुकले. ज्या भिंतीआड एका बाईचा देह सहा महिने ठेवला होता, जिथे चाळीस पोरं हळू आवाजात डबा खात होती, ती भिंत तुला पाटी वाटली. आणि काल तू मला विचारतोस, जिथे कुणी जात नाही अशी जागा सांगा.

मी मधूनमधून तिथे जाते. गेल्या थंडीतही गेले होते. चुना बराच झडलाय, तुझी अक्षरं झडली नाहीत. कर्कटक खोल गेलं होतं. त्याच्याखाली आता आणखी अकरा नावं आहेत. मी मोजली. दोन बदाम आहेत, एका बदामातून बाण गेलाय, एका नावाशेजारी मोबाइल नंबर आहे. सगळी तुझ्या नावाखालची आहेत. वर एकही नाही. पहिलं नाव तुझं होतं, तोवर ती भिंत कोरी होती, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

उद्या सकाळी सहाला माझ्या दारात ये. तिघेही या. बूट घाला, काटे असतात. पाणी घ्या. कुरकुरे-वेफर्सची पुडकी आणायची नाहीत. फोन आणलास तरी खिशात राहील. आधी खरबूजा गुंबज, मग नदी ओलांडून जैनाबाद. पेठ्याचा डबा मी बरोबर घेईन, तिथे बसून खाऊ.

तुझी लेक मराठी घडाघडा वाचते असं तू काल कौतुकाने सांगितलंस. खरंच वाचते. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरातले सगळे सण तिने वाचून काढले, औषधाच्या बाटलीवरचं वाचलं, दारावरची पाटी वाचली. दिसेल ते अक्षर ती मोठ्याने वाचते. उद्याही वाचणार. आडनावासकट आहे, आणि तेच आडनाव ती शाळेच्या वहीवर रोज लिहिते. तिला काय सांगायचं ते आज रात्री ठरव.